नोंदयंत्राच्या तारेवरील उपकरणे : जोडणी आणि बिघाड

पर्जन्यमान मोजण्याची परंपरा मुंबईस जुनी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. दररोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजपात्रात ओतावयाचे आणि मिळालेला आकडा वहीत उतरवावयाचा, ही पद्धत आजही सर्वत्र चालू आहे व ती विश्वासार्हही आहे. परंतु चोवीस तासांत एकदा घेतलेला आकडा पाऊस किती पडला एवढेच सांगतो. तो केव्हा आणि किती वेगाने पडला हे सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी ही उणीव सर्वांच्या ध्यानी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मि. मी. पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्यास अवघा ७३ मि. मी. या दोन ठिकाणांतील सरळ अंतर पंचवीस किलोमीटरही भरत नाही. सांताक्रूझ येथे त्या दुपारच्या एका तासातच सुमारे १९० मि. मी. पाणी कोसळले होते. २००६ च्या पावसाळ्यापासून महानगरपालिकेने शहरात व उपनगरांत स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्यास आरंभ केला आणि पावसाची नोंद दर पंधरा मिनिटांनी होऊ लागली. पुढे २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यातील महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. कोकणातील आंबा व काजू बागायतदारांच्या हवामानावर आधारित पीकविम्याचा निर्णय अशा केंद्रांच्या आकड्यांवर होतो, हे शेतकऱ्यांस सांगावयास नको.

आता अशी छोटी केंद्रे शाळांतून, रोपवाटिकांतून आणि प्रगतिशील शेतकऱ्यांच्या मळ्यांतूनही दिसू लागली आहेत. बोरिवली तालुक्यातील गोराई व मनोरी येथील भाजीच्या वाड्या, आरे वसाहतीतील पाड्यांची शेते, अंधेरी-मुलुंडच्या बाजूच्या रोपवाटिका ही अशा केंद्रांची स्वाभाविक स्थाने होत. केंद्र बसविणे फारसे कठीण नाही. कठीण असते ते बिघडलेले केंद्र ओळखणे. बंद पडलेले यंत्र निदान स्वतःचे बंद पडणे लपवीत नाही. चुकीचा आकडा देणारे यंत्र मात्र महिनोन् महिने सर्वांचा विश्वास संपादन करून बसते. म्हणून या लेखात जोडणीचे वर्णन थोडक्यात व बिघाडांचे विस्ताराने केले आहे.

एका तारेवर अनेक उपकरणे

केंद्राच्या मध्यभागी डेटा लॉगर म्हणजे नोंदयंत्र असते. तापमान, आर्द्रता, वारा, मातीतील ओल इत्यादी मोजणाऱ्या उपकरणांस सेन्सर म्हणतात. प्रत्येक सेन्सरपासून नोंदयंत्रापर्यंत स्वतंत्र तार ओढली तर तारांचे जाळे होते आणि खर्चही वाढतो. त्याऐवजी एकच केबल सर्व सेन्सरांवरून नेली जाते व त्यांचे आकडे तीच वाहून आणते. अरुंद पाणंदीतून बैलगाड्या जशा एकामागून एक जातात, तशी या तारेवरून माहितीची चिन्हे एकामागून एक जातात. यासच सीरियल जोडणी म्हणतात.

पाणंद एकच असल्याने सर्वांनी एकदम बोलून चालत नाही. येथे शाळेतील हजेरीची पद्धत असते. नोंदयंत्र हे गुरुजी. ते एकेका सेन्सरचा क्रमांक पुकारते व ज्याचा क्रमांक पुकारला जाईल त्यानेच उत्तर द्यावयाचे. इतरांनी गप्प बसावयाचे. या क्रमांकास पत्ता म्हणतात. पुकारल्याशिवाय कोणी बोलत नाही आणि एका क्रमांकाची दोन मुले वर्गात असून चालत नाही. पुढे येणारे निम्मे बिघाड या दोन नियमांत सामावलेले आहेत.

आपल्याकडील केंद्रांत या जोडणीचे दोन प्रकार आढळतात. पहिला आर. एस. ४८५ या विद्युत मानकाचा. त्यात ‘ए’ व ‘बी’ अशा पीळ घातलेल्या दोन तारांवरून संदेश जातो. ही तार सुमारे १२०० मीटरपर्यंत नेता येते व तिजवर प्रमाणित भाराची ३२ उपकरणे राहू शकतात. या तारेवर बहुधा ‘मॉडबस’ नावाची भाषा बोलली जाते. ती १९७९ साली कारखान्यांतील नियंत्रक यंत्रांसाठी तयार झाली व तिच्या साधेपणामुळे आजवर टिकली. दुसरा प्रकार एस. डी. आय. १२ हा. तो १९८८ साली अमेरिकेत जल व हवामानविषयक उपकरणांसाठीच निश्चित करण्यात आला. त्यात तीनच तारा असतात : बारा व्होल्टची वीज, सामायिक तार आणि संदेशाची तार. त्याचा वेग अगदी मंद असतो आणि केबल साधारणतः ६० मीटरांपर्यंतच ठेवावी असे मानक सांगते. परंतु वीज फार थोडी लागत असल्याने मातीतील ओल मोजणारे पुष्कळ सेन्सर याच प्रकारचे असतात.

मळ्यावर नेण्यापूर्वी

समजा, गोराईच्या एका वाडीत केंद्र बसवावयाचे आहे. पांढऱ्या झडपांच्या पेटीत तापमान व आर्द्रतेचा सेन्सर, खांबावर वाऱ्याचा सेन्सर, छोट्या गणकासह पर्जन्यमापक आणि पलीकडच्या वाफ्यात ओल मोजणारी दोन उपकरणे आहेत. अशा वेळी सर्व खोकी मळ्यावर नेऊन तेथेच उघडण्याचा मोह आवरावा. प्रथम घरात, कोरड्या मेजावर, एका वेळी एकच सेन्सर नोंदयंत्रास जोडावा. त्याचे उत्तर आले, आकडा पटला, म्हणजे त्यास कायमचा पत्ता द्यावा व तो पत्ता सेन्सरच्या अंगावर न पुसणाऱ्या रंगाने लिहावा. कागदी चिठ्ठी कोकणच्या पहिल्या पावसातच निघून जाते.

एकेकटे जोडण्याचे कारण असे की कारखान्यातून निघालेल्या बहुतेक सर्व मॉडबस सेन्सरांचा पत्ता १ असतो आणि एस. डी. आय. १२ सेन्सरांचा शून्य. दोन नवे सेन्सर एकदम जोडले की दोघेही एकाच हाकेस ओ देतात व एकाचेही उत्तर कळत नाही. म्हणूनच कायमचे पत्ते देताना १ हा क्रमांक कोणासही देऊ नये. वरील केंद्रातील मॉडबस सेन्सरांस ११, १२, १३ असे क्रमांक द्यावेत. पुढे एखादा सेन्सर बदलण्याची पाळी आली, तर नवा सेन्सर १ हा पत्ता घेऊन येईल आणि जुन्यांपैकी कोणाशीही त्याचा झगडा होणार नाही. मॉडबसमध्ये १ ते २४७ असे पत्ते उपलब्ध असल्याने काटकसरीचे कारण नाही. एस. डी. आय. १२ मध्ये पत्ता म्हणजे एकच अंक किंवा अक्षर असते. ‘येथे कोण आहे?’ असे विचारणारी आज्ञा त्यात प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह मिळून होते. ती तारेवर एकच उपकरण असतानाच द्यावी. अनेक असल्यास सर्वच ओरडू लागतात.

पत्त्याबरोबर बोलण्याचा वेग जुळला पाहिजे. यास बॉड रेट म्हणतात व तो बहुधा ९६०० असतो. त्यासोबत पॅरिटी व स्टॉप बिट अशा आणखी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. त्या काय आहेत याच्या तपशिलात न शिरता एवढे ध्यानात ठेवावे की नोंदयंत्र व तारेवरील प्रत्येक सेन्सर यांत या तीनही गोष्टी तंतोतंत सारख्या असल्या पाहिजेत. माहितीपुस्तिकेत ९६००, ८, एन, १ असे लिहिलेले असते. ‘एन’ म्हणजे पॅरिटी नाही आणि ‘ई’ म्हणजे सम पॅरिटी. एका सेन्सरवर ‘एन’ आणि नोंदयंत्रावर ‘ई’ असेल, तर तारा कितीही नीट जोडल्या तरी उत्तर मिळण्याची आशा धरू नये.

तार ओढताना

केबल पश्चिम रेल्वेच्या मार्गासारखी न्यावी. अंधेरीहून निघालेली गाडी जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली अशी एकेक स्थानके घेत बोरिवलीस पोहोचते. तशीच केबल एका सेन्सरहून दुसऱ्याकडे, दुसऱ्याहून तिसऱ्याकडे गेली पाहिजे. एका डब्यातून चारी दिशांना चार लांब फाटे काढणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे, कारण ते सोयीचे दिसते. प्रत्येक फाट्याच्या टोकावर संदेश आपटून परत येतो आणि नव्या संदेशात मिसळतो. फाटा काढणे भागच असेल तर तो वीतभर, फार तर हातभर असावा.

हा प्रतिध्वनी थांबविण्यासाठी लांब तारेच्या दोन्ही टोकांस, म्हणजे पहिल्या व शेवटच्या ठिकाणी, ‘ए’ व ‘बी’ यांमध्ये १२० ओहमचा रोधक लावतात. मधल्या उपकरणांवर तो लावू नये. काही सेन्सरांच्या पोटात हा रोधक अगोदरच असतो व एका छोट्या बटणाने तो चालू-बंद होतो. ते बटण पाहून घ्यावे. दहा-वीस मीटरांच्या तारेवर ९६०० च्या वेगाने बोलावयाचे असेल तर या रोधकांवाचूनही काम चालते, आणि सौर बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या केंद्रात ते न लावणेच बरे, कारण प्रत्येक संदेशागणिक ते वीज खातात.

‘ए’ व ‘बी’ या नावांविषयी उत्पादकांत एकमत नाही. एकाचा ‘ए’ तो दुसऱ्याचा ‘बी’ असे सर्रास घडते. मात्र या दोन तारा उलट लागल्याने उपकरण जळत नाही. त्यामुळे उत्तर येत नसेल तर त्यांची अदलाबदल करून पाहण्यास हरकत नाही. विजेच्या तारांच्या बाबतीत अशी सूट घेऊ नये. बारा व्होल्टची तार संदेशाच्या खुंटीस लागली की बहुतेक सेन्सर कायमचे निकामी होतात.

तिसरी, सामायिक तार पुष्कळ जण गाळतात. दोन तारांचेच मानक असताना तिसरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. एकाच बॅटरीवर सर्व उपकरणे असतील तर विजेची ऋण तारच हे काम करते. परंतु दूरचा सेन्सर दुसऱ्या बॅटरीवर असेल, तर दोघांच्या शून्य पातळ्या भिन्न राहतात आणि कधी उत्तर येते, कधी येत नाही. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एका तारेने जोडावीत. केबलवरील जाळीचे आवरण मात्र नोंदयंत्राच्या बाजूसच, एकाच टोकास, जमिनीत जोडावे.

लांबच्या सेन्सरपर्यंत वीज पुरेशी पोहोचते की नाही हे हिशेबाने पाहावे. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार शंभर मीटर नेली, तर जाऊन-येऊन दोनशे मीटर होते व तिचा रोध सुमारे ७ ओहम भरतो. तिच्यातून ०.२ अँपिअर प्रवाह गेल्यास १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. उन्हाळ्यात बॅटरी १२.८ व्होल्टवर असताना हे जाणवत नाही. श्रावणात आठ दिवस आभाळ राहिले आणि बॅटरी ११.५ वर आली, म्हणजे टोकाच्या सेन्सरला १०.१ व्होल्टच मिळतात व तो मुका होतो.

मुका कोण आणि का?

बिघाड शोधताना मल्टिमीटर हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : सर्वच सेन्सर गप्प आहेत, की एकच?

सर्व गप्प असतील तर कारण बहुधा नोंदयंत्राजवळ असते. वीज, फ्यूज, बॉड रेट, ‘ए’-‘बी’ ची अदलाबदल, सैल स्क्रू या क्रमाने पाहावे. तरीही कारण न सापडल्यास केबल मध्यावर सोडवावी. नोंदयंत्राकडील अर्ध्या भागातील सेन्सर बोलू लागले, तर दोष पुढच्या अर्ध्यात आहे. न बोलल्यास अलीकडच्या अर्ध्यात. सदोष अर्धा पुन्हा निम्मा करावा. या रीतीने आठ सेन्सरांतील दोषी तीन फेऱ्यांत हाती लागतो. एकच सेन्सर आतून जळून संपूर्ण तार दाबून धरतो, असेही घडते. पहिल्या जोरदार विजांच्या वादळानंतर हे हमखास पाहावे.

वीज बंद करून ‘ए’ व ‘बी’ यांमधील रोध मोजणे ही फार उपयोगी चाचणी आहे. दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोधक असतील तर मीटर सुमारे ६० दाखवितो. १२० आले तर एक रोधक लागलेला नाही, किंवा मध्येच तार तुटली आहे. ४० आले तर कोठेतरी तिसरा रोधक शिरला आहे. शून्याजवळचा आकडा आला तर दोन्ही तारा एकमेकींस टेकल्या आहेत. त्यानंतर वीज चालू करून, कोणी बोलत नसताना, याच दोन तारांमधील व्होल्ट मोजावे. हा फरक ०.२ व्होल्टहून अधिक असावा. तो शून्याच्या आसपास असेल तर गप्प तार आणि बोलणारी तार यांतील भेद उपकरणांस कळत नाही, व ती स्वतःच्या मनाने अक्षरे ऐकू लागतात. नोंदयंत्रातील ‘बायस’ नावाची सोय चालू केल्याने हा दोष जातो.

एकच सेन्सर गप्प असेल तर त्याचा पत्ता, त्याच्या दोन तारांची दिशा आणि त्याच्या खुंटीवर काम चालू असताना मिळणारे व्होल्ट पाहावेत. दोन सेन्सर एकाच वेळी बिघडले आणि त्यांतील कोणताही एक काढला की दुसरा सुरळीत चालतो, असे आढळले तर दोघांचा पत्ता एकच आहे असे खुशाल समजावे. ते दोघे एकदम बोलतात, उत्तरांची खिचडी होते आणि ताळा जुळत नाही. मॉडबसच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी अशी ताळ्याची दोन चिन्हे असतात. जमाखर्चाच्या वहीत पानाची बेरीज जुळली नाही तर कारकून ते पान पुढे पाठवीत नाही; तसेच नोंदयंत्र ताळा न जुळणारे उत्तर टाकून देते. म्हणून नोंदयंत्राच्या पडद्यावर ‘उत्तर नाही’ आणि ‘ताळा चुकला’ असे दोन भिन्न संदेश दिसत असतील तर ते भिन्नच मानावेत. पहिल्यात समोर कोणी नाही. दुसऱ्यात कोणीतरी आहे, पण त्याचे बोलणे वाटेत बिघडते आहे.

कधी सेन्सर आकड्याऐवजी चुकीचा सांकेतिक क्रमांक परत पाठवितो. नवखा कार्यकर्ता त्याने निराश होतो. वस्तुतः ही आनंदाची वार्ता आहे. वीज, तारा, वेग व पत्ता सर्व काही बरोबर असल्याखेरीज असे उत्तर येऊच शकत नाही. क्रमांक २ आला तर नोंदयंत्राने भलत्याच कप्प्यातील आकडा मागितला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कधी चालते, कधी बंद पडते

सर्वांत त्रासदायक बिघाड हाच. तपासावयास माणूस येतो तेव्हा सर्व काही ठीक असते आणि तो परतल्यावर पुन्हा उत्तरे बंद होतात. येथे उपकरणापेक्षा वही अधिक कामास येते. बिघाड केव्हा होतो, त्या वेळी पाऊस होता काय, पंप चालू होता काय, हे शेतकऱ्याने तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. आठवडाभराच्या अशा नोंदीतून कारण बहुतेक आपोआप पुढे येते.

मध्यरात्रीनंतर सेन्सर गप्प होतात आणि सकाळी ऊन चढल्यावर बोलू लागतात, असा क्रम दिसला तर बॅटरी क्षीण झाली आहे किंवा सौर पट्टीवर धूळ, शेवाळ अथवा झाडाची सावली आली आहे. पाऊस सुरू झाल्यावर दोष उद्भवतो व दोन दिवसांच्या उघडिपीनंतर जातो, तर जोडपेटीत पाणी शिरते आहे. केबल वरून सरळ पेटीत उतरविली असेल तर पाणी तिच्या अंगावरून ओघळत आत जाते. केबल प्रथम पेटीच्या खाली झोळासारखी उतरवून मग खालच्या बाजूने आत घ्यावी. पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. गोराई-मनोरीसारख्या खाडीकाठच्या गावी खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट पूड चढते. स्क्रू घट्ट दिसतो, पण खाली धातूस धातू लागलेला नसतो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी प्रत्येक जोड सोडवून, घासून, पुन्हा आवळावी. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी व तिचा रंग पालटला की ती बदलावी. पेटीतील भोके बुजविलेली नसली तर मुंग्या आणि पाली तेथे बिऱ्हाड करतात, आणि उंदरांना केबलचे आवरण का आवडते हे सांगता येत नसले तरी ते आवडते खरे. म्हणून जमिनीवरील केबल पाइपातून न्यावी.

विहिरीवरील पंप सुरू होताच एक-दोन उत्तरे चुकत असतील, तर संदेशाची केबल पंपाच्या वीजतारेस चिकटून गेली आहे असे समजावे. दोन्ही एकाच नळीत घालू नयेत. एकमेकींस छेदून जाणे अटळ असेल तर काटकोनात छेदाव्यात. मुंबईतील रेल्वेमार्गालगतच्या भाजीच्या पट्ट्यांत हीच अडचण मोठ्या प्रमाणावर येते, कारण गाड्यांच्या डोक्यावरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तेथे रुळांना समांतर अशी लांब केबल टाकू नये, पीळदार व जाळीच्या आवरणाचीच केबल वापरावी, आणि रेल्वेच्या हद्दीतील खांब, तार अथवा जमीन यांस कोणत्याही कारणाने स्पर्श करू नये.

आणखी एक कारण यंत्राच्या घाईत असते. वीज वाचविण्यासाठी नोंदयंत्र मोजणीच्या वेळीच सेन्सरांस वीज देते. काही सेन्सरांस जागे होण्यास चार-पाच सेकंद लागतात. नोंदयंत्राने दुसऱ्याच सेकंदास हाक मारली तर उत्तर येत नाही. माहितीपुस्तिकेत हा काळ दिलेला असतो. त्याहून थोडा अधिक काळ नोंदयंत्रात घालावा आणि उत्तर न आल्यास दोनदा फिरून विचारण्याची सोय करावी.

उत्तर येते, पण खोटे

तापमान २८७ अंश दिसले तर शेतकरी हसतो व चूक लगेच ध्यानात येते. सेन्सर दशांश चिन्ह पाठवीत नाही; २८७ म्हणजे २८.७, आणि नोंदयंत्रात दहाने भागण्याची सूचना राहून गेली आहे. तापमानाच्या रकान्यात ८४ आणि आर्द्रतेच्या रकान्यात भलतेच काही दिसू लागले, तर मोजणी एका घराने सरकली आहे. काही पुस्तिका कप्पे शून्यापासून मोजतात, काही एकापासून. एक मिळवून अथवा एक वजा करून पाहावे. मोठी संख्या दोन कप्प्यांत विभागून येते तेव्हा पहिला कप्पा आधी घ्यावयाचा की दुसरा, याविषयीही उत्पादकांत मतभेद आहेत. उलटा क्रम लागल्यास आकडा कोटीत तरी जातो किंवा शून्यास चिकटून राहतो.

हे दोष उघड असतात. पावसाच्या आकड्यातील दोष तसा नसतो. स्वयंचलित पर्जन्यमापकात दोन छोट्या पाळ्या तोलून बसविलेल्या असतात. ठराविक पाणी भरले की एक कलंडते व दुसरी भरू लागते. प्रत्येक कलंडण्यास ०.२ मि. मी. धरल्यास २६ जुलै २००५ च्या त्या तासातील १९० मि. मी. म्हणजे ९५० वेळा कलंडणे, अर्थात दर चार सेकंदांस सुमारे एकदा. ही गणती एका छोट्या गणकात साठते व नोंदयंत्र ती ठरावीक वेळाने मागून घेते. आता काही गणक असे असतात की आकडा दिला की ते स्वतःस शून्यावर आणतात. अशा गणकाचे उत्तर वाटेत बिघडले, ताळा चुकला व नोंदयंत्राने ते टाकून दिले, तर तेवढा पाऊस कायमचा नाहीसा होतो. नोंद दर पंधरा मिनिटांनी होत असेल तर वरील वेगाने तो ४७ मि. मी. हून अधिक भरेल. आणि उत्तरे बिघडण्याची शक्यता नेमकी मुसळधार पावसातच सर्वांत अधिक! म्हणून गणक वाढत जाणाऱ्या एकूण बेरजेचाच निवडावा. त्याचे एखादे उत्तर हुकले तरी पुढच्या उत्तरात ते पाणी मोजलेले असते. मागच्या बेरजेतून वजाबाकी केली की झाले. वीज जाऊन असा गणक शून्यावर आला तर वजाबाकी उणे निघते. उणे पाऊस नसतोच, त्यामुळे ही चूक लपत नाही.

न मिळालेल्या आकड्याच्या जागी नोंदयंत्र काय लिहिते, हे केंद्र सुरू करतानाच पाहून घ्यावे. काही यंत्रे शून्य लिहितात. काही यंत्रे मागचाच आकडा पुन्हा लिहितात. दोन्ही रीती घातक आहेत. केबल तुटल्याने तीन दिवस शून्य लिहिले गेले, तर कागदावर तो पावसाचा खंड ठरतो. फवारणी, पाणी देणे आणि नुकसानीचा दावा या तीनही गोष्टी त्या खोट्या शून्यावर उभ्या राहतात. आर्द्रता तीन दिवस अखंड ८१ वर थांबली असेल तर ती हवा नव्हे, मेलेला सेन्सर आहे. न मिळालेल्या आकड्यासाठी रिकामी जागा किंवा उणे ९९९९ अशी अशक्य संख्या लिहिण्याची सूचना द्यावी, आणि सरासरी काढण्यापूर्वी ती संख्या वगळली जाते याची खात्री करून घ्यावी.

पर्जन्यमापकाची परीक्षा घरच्या घरी होते. ज्याच्या तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर आहे, त्यात ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १० मि. मी. पाऊस. बाटलीच्या बुचास सुईने भोक पाडून हे पाणी अर्ध्या तासात थेंबाथेंबाने सोडावे. भराभर ओतल्यास पाळ्यांस वेळ मिळत नाही व गणती कमी भरते. पाळी ०.२ मि. मी. ची असेल तर गणती ५० च्या आसपास यावी. पाळ्या कलंडल्याचा आवाज ५० वेळा ऐकू आला आणि नोंदयंत्रात ३० च भरले, तर दोष तारेत किंवा गणकात. आवाजच ३० झाला, तर गाळणीत पाला अडकला आहे किंवा यंत्र तिरपे झाले आहे. परीक्षेचे हे १० मि. मी. त्या दिवसाच्या नोंदीतून वजा करावयास विसरू नये.

ओल मोजणाऱ्या उपकरणांविषयी खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी वेगळी दक्षता घ्यावी. खाजणातील खारवट मातीत पुष्कळ सेन्सर प्रत्यक्षाहून अधिक ओल दाखवितात. जोडणीत काहीच दोष नसतो, ताळाही जुळतो, तरी आकडा फसवा असतो. अशा जमिनीत मातीचा नमुना वजन करून, वाळवून, पुन्हा वजन करून पाहावा व सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून घ्यावा.

शासकीय अथवा कंपनीच्या ताब्यातील कुलूपबंद केंद्रांच्या बाबतीत मात्र कार्यकर्त्याने स्वतः पेटी उघडू नये. तेथे एक साधा हस्तचलित पर्जन्यमापक जवळच्या मोकळ्या जागी ठेवावा, रोज सकाळी साडेआठचा आकडा वहीत लिहावा आणि दोन्हींत मोठा फरक पडल्यास तारीख, वेळ व दोन्ही आकडे देऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांस त्याच दिवशी लेखी कळवावे. दावा नाकारला गेल्यावर काढलेल्या आठवणीपेक्षा त्याच दिवशी केलेल्या अशा नोंदीस अधिक किंमत असते.